दुसऱ्या बाळंतपणाची बॅग : तीन पिशव्या, एक फाईल आणि घरी राहणारं लेकरू

पहिल्या बाळंतपणाला मी साताऱ्याला माहेरी होते. बॅग आईने भरली, लंगोट आजीच्या जुन्या नऊवारीचे होते आणि पहिल्या कळेपासून लेक हातात येईपर्यंत चौदा तास गेले. तेवढ्यात बाबा दोनदा घरी जाऊन राहिलेलं सामान घेऊन आले.

दुसऱ्या वेळी मी मोशीला आमच्या घरी होते. सकाळी साडेसहाला पहिली कळ आली आणि पावणेदहाला मुलगा झाला. बॅग दोन आठवड्यांपासून भरलेली होती, पण ती होती गाडीच्या डिकीत, आणि गाडी घेऊन नवरा पहिल्या पाळीला चाकणला गेला होता. शेजारच्या वहिनींनी मला त्यांच्या गाडीतून नेलं. बाळाला पहिल्यांदा गुंडाळलं ते वॉर्डातल्या मावशींनी शोधून दिलेल्या कापडात. आणि साडेतीन वर्षांची माझी लेक झोपेतून उठून, रात्रीच्याच कपड्यांत, दारात उभी राहून मला जाताना बघत होती. तिच्यासाठी काय ठेवायचं, ती कुणाजवळ झोपणार, काय खाणार, याची चिठ्ठीसुद्धा मी लिहिलेली नव्हती.

पहिल्या बाळासाठीच्या याद्या पुष्कळ मिळतात. दुसऱ्या वेळी तीच यादी वापरली की दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे हाताशी वेळ कमी असतो. दुसरी, घरी एक लेकरू मागे राहतं. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

१. कधी भरायची आणि कुठे ठेवायची

चौतिसावा आठवडा लागला की भरायला घ्या. एकदा नैसर्गिक प्रसूती झालेली असली तर दुसऱ्या वेळी गर्भाशयाचं तोंड बहुधा लवकर उघडतं आणि सगळंच भराभर होतं. प्रत्येकीचं तसंच होईल असं नाही, पण तयारी तसं धरूनच करायची. पहिलं बाळ सदतीस आठवड्यांच्या आधी झालं असेल तर या वेळीही लवकर होण्याची शक्यता जास्त असते. अशांनी तिसाव्या आठवड्यातच भरून ठेवावी. सिझरची तारीख ठरली असली तरी निर्धास्त राहू नका, कळा तारीख बघून येत नाहीत.

बॅग घरात, दाराजवळ ठेवा. गाडीत ठेवू नका. हे मी पुन्हा सांगतेय कारण गाडीत ठेवणं फार शहाणपणाचं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना आणि घराबाहेरच्या एकाला माहीत हवं. आमच्या शेजारच्या वहिनींना माझ्या हॉस्पिटलचं नाव माहीत होतं म्हणून निभावलं.

चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना थेट विचारा: "माझं हे दुसरं आहे, किती मिनिटांच्या अंतराने कळा आल्या की निघू? रात्री कुठल्या दाराने आत यायचं?" उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या वेळचं "अजून थांबा, वेळ आहे" या वेळी लागू पडेलच असं नाही.

काही लक्षणांना मात्र कळांची वाट बघायचीच नाही: पाणी जाणं (पॅड लावा, रंग बघा, हिरवट असेल तर पोचल्या पोचल्या सांगा), रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं खूप ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या दिसणं.

गाडीची सोय एकच ठेवू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी असते. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरातून दवाखान्यात नेणं आणि परत सोडणं फुकट आहे. प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या आणि लागलं तर रक्त, यांचेही पैसे नाहीत. जेवणही मिळतं, नैसर्गिक प्रसूतीला तीन दिवस, सिझरला सात दिवस. गावाकडच्या बायकांनी आशाताईंचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवावा.

२. आधी फाईल

कपडे राहिले तर कुणीतरी आणून देतं. रिपोर्ट राहिले तर त्याच तपासण्या पुन्हा होतात, त्यात वेळ जातो आणि पैसेही. म्हणून बॅगेच्या आधी फाईल लावा. प्लॅस्टिकची, बटण लागणारी एकच फाईल घ्या, आत कागद या क्रमाने:

- या गरोदरपणाचा केसपेपर आणि माता व बाल संरक्षण कार्ड
- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपटायटिस बी), व्हीडीआरएल (सिफिलिस) यांचे रिपोर्ट
- सगळ्या सोनोग्राफी, सगळ्यात अलीकडची वर
- पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड
- दोघांची आधार कार्डं आणि त्यांच्या झेरॉक्स
- विम्याचं कार्ड, पॉलिसी नंबर, कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर
- मोठ्या मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स
- चालू असलेल्या औषधांची नावं आणि कशाची ॲलर्जी असेल तर तेही, मोठ्या अक्षरांत

यातल्या तीन कागदांबद्दल थोडं थांबून सांगते.

पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या वेळी फार कामाला येतं. आधी सिझर झालं असेल आणि या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा विचार असेल, तर गर्भाशयावर छेद कसा घेतला होता हे डॉक्टरांना कळायला हवं. आधी रक्तस्राव जास्त झाला होता का, वार हाताने काढावी लागली होती का, टाके किती होते, तेही त्यात असतं. पहिल्या बाळाला काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलं होतं का, हे बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. थोरल्याला झालेली असेल तर धाकट्यालाही काविळीचा संभव जास्त असतो. माझं कार्ड साताऱ्याला आईच्या कपाटात होतं. तुमचंही माहेरी असेल तर आत्ताच फोटो मागवून घ्या.

दुसरा कागद रक्तगटाचा. तुमचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या बाळाच्या वेळी याला जास्त महत्त्व येतं. पहिल्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) घेतलं होतं त्याची नोंद आणि या वेळचा आयसीटी रिपोर्ट, म्हणजे तशी प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी रक्ततपासणी, फाईलमध्ये हवाच. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी द्यावं लागतं. ते हॉस्पिटलमध्ये असतं की बाहेरून आणावं लागतं, हे आधी विचारा. रविवारी रात्री औषधाच्या दुकानांतून फिरत ते शोधण्याची वेळ कुणावर येऊ नये.

तिसरा कागद मोठ्याचा जन्मदाखला. बाळाच्या जन्मनोंदणीचा फॉर्म हॉस्पिटलातच भरतात, बहुधा तुम्ही अर्धवट झोपेत असताना. आईवडिलांची नावं, शिक्षण, व्यवसाय, कायमचा पत्ता, लग्नाच्या वेळचं आईचं वय, आधीची मुलं, असं बरंच विचारतात. दोन्ही मुलांच्या दाखल्यावर तुमच्या नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं असावं. एकावर माहेरचं मधलं नाव आणि दुसऱ्यावर नवऱ्याचं, असं झालं की पुढे शाळेत, पासपोर्टच्या वेळी पळापळ होते. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात ती झेरॉक्स द्या आणि म्हणा, "अगदी असंच लिहा."

विम्याचंही आधीच विचारून ठेवा. कंपनीच्या गटविम्यात बाळंतपण बऱ्याचदा पहिल्या दोन मुलांपुरतंच धरलेलं असतं. खोलीच्या भाड्याची मर्यादा किती, आधी मंजुरी घ्यावी लागते का, बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालायचं, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

३. तुमची पिशवी

नैसर्गिक प्रसूतीला दोन-तीन दिवस, सिझरला चार-पाच दिवस धरून भरा. पुढून उघडणारे सुती गाऊन तीन, गडद रंगाचे. पाजायला सोयीच्या ब्रा दोन, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या. मोठे मॅटर्निटी पॅड दोन पाकिटं. आतले कपडे सहा-सात, उंच कमरेचे, म्हणजे सिझर झालंच तर टाक्यावर इलॅस्टिक घासणार नाही. पायमोजे, पाय ओले झाले तरी न घसरणाऱ्या रबरी चपला, शाल, दोन टॉवेल, कंगवा, केसांना रबर, टूथब्रश, साबण, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलिन. घरी जाताना घालायचा ड्रेस सैलच घ्या. पोट लगेच आत जात नाही.

दोन वस्तू बहुतेक याद्यांत नसतात. वाकणारी स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली, कारण कमरेतून भूल दिल्यावर काही तास आडवं राहावं लागतं आणि पेल्याने पाणी पिता येत नाही. आणि दोन मीटर लांब वायरचा चार्जर. पलंगाजवळचं बटण हाताला येईल असं कधीच नसतं.

आता एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतरही पोटात कळा येतात, पहिल्या वेळेपेक्षा बऱ्याच जोरात. बाळाला पाजायला घेतलं की त्या वाढतात, कारण दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिननेच गर्भाशयही आकसतं. गर्भाशय जागेवर येतंय याची ती खूण आहे. मी मात्र पहिल्या रात्री घाबरून रडले होते. लघवी तुंबवू नका, आणि पाजण्याआधी सिस्टरांकडून वेदनाशामक गोळी मागून घ्या. पाजत असताना चालतील अशा गोळ्या असतात. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर बेल वाजवा. ते सहन करायचं दुखणं नव्हे.

खाण्याचं थोडक्यात. सुका खाऊ घ्या: राजगिऱ्याचे लाडू, खजूर, खाकरा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घरी गेल्यावर खाता येतात. सिझरनंतर काय केव्हा खायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करा.

दागिने घरी काढून ठेवा. ऑपरेशन थिएटरमध्ये मंगळसूत्र, बांगड्या, नथ सगळं काढायला लावतात आणि त्या गडबडीत ते कुणाच्या हातात गेलं हे आठवत नाही. नखांना पॉलिश आणि बोटांच्या टोकांना गडद मेंदी नको. ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिथेच लावतात.

४. बाळाची पिशवी

इथे आपण सगळ्यात जास्त भरतो आणि सगळ्यात कमी वापरतो. थोरल्याचे कपडे असतातच, आणि बाळाला आधी जुनं अंगावर घालावं ही आपली पद्धत चांगलीच आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड त्या कातडीला बरं.

पण एक धोका आहे. ते कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवले असतील तर तसेच काढून घालू नका. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या, तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता बाळाला आहे की नाही हे जन्मतः दिसत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, आणि तरी वास येत असेल तर ते कपडे सरळ बाजूला काढा. गोधडीचंही तसंच.

दुसरं, ऋतू बघा. माझी लेक डिसेंबरातली, मुलगा जुलैतला. तिचे लोकरी स्वेटर पावसाळ्यात कुचकामी ठरले आणि लंगोट वाळता वाळेनात. पावसाळ्यात लंगोट दीडपट घ्या.

तीन दिवसांना पुरेल इतकं: पुढे बांधायची झबली सहा, लंगोट पंधरा ते वीस, टोपडी तीन, हातमोजे-पायमोजे दोन-दोन जोड, सुती दुपटी सहा, गुंडाळायला जाडसर कापडं दोन, मेणकापड एक, छोटी मच्छरदाणी, पुसायला मऊ पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे. डायपर हवेत तर सगळ्यात लहान मापाचं एक छोटं पाकीट पुरे. पहिले दोन दिवस मी लंगोटच वापरले, कारण बाळाने शू केली की नाही ते लगेच कळतं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दिवसाला सहा किंवा जास्त वेळा झाली की दूध पुरतंय असं समजायचं. पहिली शी काळी, चिकट असते. लंगोट टाकून दिलात तरी चालेल.

जन्मल्याबरोबर लागणारा संच वेगळ्या छोट्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवा: दोन धुतलेली सुती कापडं, एक टोपडं, एक झबलं, एक लंगोट. लेबर रूमच्या दारातून सिस्टर "बाळाचे कपडे द्या" म्हणतात तेव्हा सोबतच्या माणसाला अख्खी बॅग उपसावी लागू नये.

आता काय नको ते. पावडर, काजळ, सुगंधी तेल, बाळगुटी, मध, साखरेचं पाणी यांतलं काहीही बॅगेत नको. एक वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. नाळेला काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या आणि पहिलं पिवळं दूध, चीक, सगळं त्याच्या पोटात जाऊ द्या. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा "असू दे" म्हणून नेऊ नका; जवळ असला की पहाटे तीनला हात तिकडेच जातो. गरज पडलीच तर डॉक्टर सांगतील.

घरातल्या मोठ्यांशी यावरून वाद होतात, मला माहीत आहे. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला मध चाटवला होता आणि तो धडधाकट आहे. मी वाद घातला नाही. शेवटच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारलं. त्यानंतर मधाची बाटली बाजूला ठेवायला त्यांनीच सांगितलं.

५. थोरल्याची पिशवी

ही पिशवी हॉस्पिटलात जात नाही, घरीच किंवा आजीकडे राहते. तरी सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवा असं माझं मत आहे. तुमच्याजवळ सिस्टर असतात, बाळाजवळ तुम्ही असता. त्या लेकराची मात्र रोजची घडी एका सकाळीत मोडते.

माझ्या लेकीने पहिल्या रात्री दूध प्यायलं नाही. आजीने दोनदा गरम केलं, साखर घातली, गोष्ट सांगितली. तिला तिचा नारिंगी कप हवा होता, आणि तो मागच्या कपाटात होता हे फक्त मला माहीत होतं. मी फोनवर होते तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तो कप शोधला.

तर या पिशवीत घाला: चार-पाच जोड कपडे, रात्रीचे वेगळे, तिचा किंवा त्याचा नेहमीचा कप, ताटली, पांघरूण, झोपताना लागणारं खेळणं, दोन गोष्टींची पुस्तकं, लसीकरण कार्डाची झेरॉक्स, तापाचं औषध, त्यावर वजनाप्रमाणे किती मिली ते स्केचपेनने लिहून, ओआरएसची पाकिटं, बालरोगतज्ज्ञांचा नंबर. आणि तुमची एक वापरलेली, न धुतलेली सुती ओढणी किंवा साडी. तिला आईचा वास असतो. ही युक्ती मला वॉर्डातल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितली. नवऱ्याने माझी ओढणी घरी नेली आणि त्या रात्री लेक ती गालाखाली घेऊन झोपली.

एक पानभर दिनक्रमाची चिठ्ठी लिहा आणि फ्रिजवर लावा. किती वाजता उठते, शी कधी होते, वरणभात कसा कालवलेला लागतो, कशाला घाबरते, दुपारी झोपते का, रडली की काय केल्यावर शांत होते. सांभाळणारी आजी असली तरी लिहा. आजीला नातवंडं माहीत असतात, त्यांची रोजची घडी नेहमीच माहीत असते असं नाही.

बालवाडीत आधीच लेखी कळवा की या काळात न्यायला कोण येईल. पुष्कळ शाळा ओळखपत्राशिवाय किंवा पालकांच्या पत्राशिवाय मूल सोडत नाहीत. आजोबांना गेटवर उभं राहून फोनाफोनी करायला लागू नये.

झोपेचा सराव महिनाभर आधी करा. आठवड्यातून दोन रात्री लेकराने आजीजवळ किंवा बाबांजवळ झोपायचं, तुम्ही घरातच. माझ्या बहिणीने हे केलं आणि तिच्या मुलाची पहिली रात्र खूप सोपी गेली. दोन-तीन गोष्टी आणि झोपतानाचं गाणं तुमच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कळा चालू असताना व्हिडिओ कॉल करता येत नाही.

पिशवी त्याच्यासमोरच भरा, शक्य असेल तर त्यालाच भरू द्या. साध्या शब्दांत सांगा: "बाळ यायच्या दिवशी आई हॉस्पिटलात जाईल. तू उठशील तेव्हा मी नसेन, पण आजी असेल. काही रात्री झाल्या की मी परत येईन." खोटं सांगून, झोपलेलं असताना गुपचूप निघून जाऊ नका. पळापळ असली तरी गालाला हात लावून "निघते, येते" म्हणायला दहा सेकंद लागतात. मी त्या सकाळी ते म्हटलं नाही आणि ते मला अजून लागतं.

सांभाळायला तीन नावं ठरवा, एक नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की दुसरं बहुतेकींचं स्वतःच्या घरी होतं आणि आई येणार असते ती बाहेरगावाहून. ती पोचेपर्यंतचे चार तास कोण? शेजारचं एक घर, एक मैत्रीण, एक जवळचा नातेवाईक. प्रत्येकाला आधी विचारून ठेवा आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.

भेटीला आणताना आधी हॉस्पिटलला विचारा, लहान मुलांना कधी येऊ देतात. सर्दी, खोकला, ताप असेल तर भेट पुढे ढकला. पोट भरलेलं असताना आणा. ते आत येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू द्या आणि तुमच्या कुशीत जागा रिकामी ठेवा. सिझर झालं असेल तर पोटावर उशी घेऊन बसा, त्याला उचलून घेऊ नका; कुणीतरी त्याला पलंगावर तुमच्या शेजारी बसवावं. "आता तू मोठी झालीस" हे वाक्य त्या दिवशी कुणी म्हणू नये असं मी घरात सांगून ठेवलं होतं. ती साडेतीनचीच होती.

६. सोबतच्या माणसासाठी

एक जोड कपडे, चादर, टूथब्रश, बीपी-शुगरच्या गोळ्या, थोडी रोख रक्कम. अनामत भरायला कार्ड चालतं, पण रात्री औषधाच्या दुकानात सुटे पैसे लागतात. फाईल कुठे आहे आणि बाळाचा पहिला संच कुठल्या पिशवीत आहे, एवढं या माणसाला तोंडपाठ हवं.

७. एक निर्णय, जो बॅगेबरोबरच करून ठेवायचा

दुसऱ्या बाळाच्या वेळी हॉस्पिटलात हमखास विचारतात: कॉपर टी बसवायची का, ऑपरेशन करायचं का? कॉपर टी प्रसूतीनंतर लगेच किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन सिझरबरोबर किंवा नैसर्गिक प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत होतं. कळा चालू असताना पुढे केलेल्या कागदावर सही करायची ही गोष्ट नाही. छत्तिसाव्या आठवड्याच्या आत दोघांनी बसून बोला आणि ठरलेलं डॉक्टरांना सांगा. तुमच्या ऑपरेशनला संमती तुमची लागते, नवऱ्याची सही नियमाने सक्तीची नाही. "नंतर बघू" हेही उत्तर चालतं. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, हाही पर्याय बोलताना समोर ठेवा.

८. निघताना हातात काय हवं

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी पळायचं असतं. थांबा आणि बघा:

- बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य (जन्माच्या वेळचा) डोस आणि हेपटायटिस बी दिल्याची कार्डावर नोंद (हेपटायटिस बी शक्यतो २४ तासांच्या आत). व्हिटॅमिन के दिलं का, तेही विचारा
- बाळाचं जन्माचं आणि आजचं वजन, रक्तगट
- तुमचं डिस्चार्ज कार्ड, टाके कधी दाखवायचे ती तारीख
- काविळीसाठी बाळाला पुन्हा केव्हा आणायचं
- जन्मनोंदणीचा फॉर्म भरल्याची खात्री, नावांचं स्पेलिंग

जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क लागत नाही. नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद करा, बारशानंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा धरतात, म्हणून यात हयगय नको.

नोकरी करणाऱ्यांसाठी: २०१७ च्या दुरुस्तीनंतर ज्यांना प्रसूती रजेचा कायदा लागू आहे त्यांना दुसऱ्या बाळालाही पहिल्याइतकीच, २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येते. ऑफिसला प्रसूतीच्या तारखेचं पत्र लागतं, ते डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. आणि दुसरी मुलगी झाली असेल, अटींत बसत असाल, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ६,००० रुपये आईच्या खात्यात जमा होतात. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना लवकर भेटा.

९. घरी पोचताना

आदल्या रात्री फोन करून विचारा, लेकरू जागं असेल अशा वेळी पोचता येईल का. गाडीतून उतरताना बाळ आजीच्या किंवा बाबांच्या हातात द्या, पिशव्या मागून येऊ द्या. ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्यांना दोन मिनिटं थांबवा. तुम्ही आधी आत जा, दोन्ही हात रिकामे ठेवून, आणि खाली बसा.